मागच्या लाइनीचं प्रेशर कुठे जातंय? लॉनच्या फवाऱ्यांच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

उन्हाळा अजून नीट लागलाही नाही आणि मागचं लॉन पिवळं पडायला लागलंय. आज सकाळी साडेसहाला स्वतः उभं राहून बघितलं तर मागच्या लाइनीचे फवारे अर्धवट वर येतात आणि तोंडातून लाळ गळावी तसं पाणी खाली सोडतात, दोन तर वर येतच नाहीत. पुढच्या लाइनीचे वर येतात पण त्यांच्यातही पूर्वीसारखा दम नाही.

आधी काय कुठे आहे ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी परत शून्यापासून सुरुवात. घर नाशिकला, बंगला २०१४ चा, तेव्हाच लॉनमध्ये पॉप-अप (पाणी सोडलं की जमिनीतून वर येणारे) फवारे बसवून घेतले होते, एकूण १३. पुढच्या लाइनीवर ६, मागच्या लाइनीवर ७. जमिनीतल्या टाकीतून १ एचपीची मोटर पाणी ओढते, मग एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व), मग जाळीचा फिल्टर, मग दोन बॉल व्हॉल्व, एक पुढचा एक मागचा. मेन लाइन एक इंची पीव्हीसी, फवाऱ्यांकडे जाणाऱ्या फांद्या पाऊण इंची. टायमरही होता, तो दुसऱ्याच पावसाळ्यात गेला, तेव्हापासून बाबा हेच टायमर.

सल्ले आत्तापर्यंत आलेले: बाबा म्हणतात मोटर थकली, अकरा वर्षं झाली. शेजारचे काका म्हणतात दीड एचपी टाक, दोन टाकलीस तर पुन्हा बघायलाच नको. माळीमामा म्हणतात नोझलमध्ये सुई घाला. प्लंबरभाऊंनी फोनवरच दीड एचपी मोटरचे अकरा हजार, फिटिंग वेगळं, असं सांगून टाकलं, बघायलाही आले नाहीत. आणि बायको म्हणते वरच्या टाकीतून पाइप सोडा, पाणी आपोआप येईल. त्याचा हिशोब लगेच करून दाखवला, दर १० मीटर उंचीला १ किलो प्रेशर (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १ किलो), आमची टाकी जमिनीपासून जेमतेम ९ मीटर, म्हणजे ०.९ किलो, तेही पाणी वाहत नसताना. या फवाऱ्यांना २ किलोच्या आसपास लागतं. मग ती म्हणाली तुझं तू बघ.

माळीमामांची सुई करून झाली. एका नोझलातून वाळूचा कण निघाला. फरक शून्य.

८ मार्च, शनिवार

प्रेशर गेज आणला, ७ किलोवाला, ३८० रुपये. द्वारका सर्कलपासून पुढे ठिबकची जी दुकानं आहेत तिथे मिळाला. नाशकात एक बरं आहे, द्राक्षबागांमुळे ठिबक-तुषारचं सामान कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं आणि काउंटरवरच्या माणसाला खरंच त्यातलं कळतं. तो म्हणाला, "साहेब, आधी मोजा, मग मोटरला शिव्या द्या."

एनआरव्ही आणि फिल्टरच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज बसवला. टी कापताना पाइप वाकडा कापला गेला, करवत जुनी होती, असो.

रीडिंग:
दोन्ही व्हॉल्व बंद, मोटर चालू (पाच-सहा सेकंदच, जास्त नाही): ३.४ किलो
पुढची लाइन चालू: २.९
मागची लाइन चालू: ३.१

हे बघून मी आणि बाबा दोघंही गप्प. म्हणजे ज्या लाइनीचे फवारे मेल्यासारखे पडलेत तिच्यावरच मोटरजवळ प्रेशर जास्त. बाबा म्हणाले गेज खराब असेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं पण चहा घेताना डोक्यात शिरलं. मोटर थकली असती किंवा टाकीतल्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व चोंदला असता तर हा काटा वर गेलाच नसता. कुठे मोठी गळती असती तर पाणी भसाभसा निघून गेलं असतं आणि काटा खाली आला असता. काटा वर आहे म्हणजे मोटर ढकलतेय पण पाणी पुढे जात नाहीये. बोटाने नळी दाबून धरल्यासारखं कुठेतरी दाबलं गेलंय.

व्होल्टेजही तपासलं, बाबांच्या समाधानासाठी. सकाळी २२८. तो विषय संपला.

९ मार्च, रविवार

पहिला संशय फिल्टर, कारण गेजच्या लगेच पुढे तोच. उघडला. आतली जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर शेवाळ, बारीक गाळ आणि त्याच्यावर पांढरा क्षार असा थर, चक्क नखाने खरवडून निघाला. उन्हाळ्यात आमच्या टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचं पाणी मिसळतं, ते जड आहे, गिझरच्या कॉइलवर बसतं तेच इथे बसलंय. शेवटचा कधी साफ केला असं बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "साफ करायचा असतो?"

जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायला हवी होती पण धीर नव्हता, दोन तास ठेवली, जुन्या टूथब्रशने घासली, परत बसवली. रबरी रिंगला थोडं ग्रीस.

नवीन रीडिंग: पुढची लाइन २.३, मागची २.९.

इथे परत गोंधळ उडाला. साफ केल्यावर प्रेशर २.९ वरून २.३ वर आलं? कमी झालं? पण समोर बघतोय तर पुढचे फवारे असे सुटलेत की गेटवरचा पेपर भिजला. मग समजलं की गेज फिल्टरच्या अलीकडे आहे, वाट मोकळी झाल्यावर पाणी जास्त वाहतं आणि पाणी जास्त वाहिलं की पंपाजवळचं प्रेशर उतरतंच, सेंट्रिफ्युगल पंपाचा स्वभावच तो. म्हणजे या जागी काटा थोडा खाली येणं ही चांगली बातमी. हे बाबांना समजावून सांगायला जेवढा वेळ लागला तेवढा फिल्टर साफ करायला नाही लागला.

मागची लाइनही सुधारली, सातही फवारे वर आले. पण फेक ११ फूट, पाहिजे १५. फवारे १५ फुटांवर बसवलेत आणि एकाचं पाणी दुसऱ्याच्या मुळाशी पोचायला हवं असा नियम आहे, ते पोचत नाही म्हणून मध्ये पिवळी चकंदळं. आणि मोटरजवळ २.९ म्हणजे मागच्या लाइनीत अजून एक बूच आहेच.

१६ मार्च, रविवार

मधल्या आठवड्यात होळी, धुळवड, ऑफिस. लेकीची पिचकारी आमच्या फवाऱ्यांपेक्षा लांब जात होती हे नोंदवून ठेवतो.

आज दुसरा गेज. एकाच जागी मोजून फक्त अर्धी गोष्ट कळते, दोन टोकांना मोजलं की मधल्या पाइपात किती खाल्लं जातंय ते कळतं. मागच्या लाइनीचा पहिला फवारा फिरवून काढला, खाली अर्धा इंची आटे, तिथे बुश (आटे जुळवणारा छोटा जोड) लावून गेज बसवला. टेफ्लॉन टेप नीट गुंडाळा, मी घाईत उलट्या दिशेने गुंडाळली आणि पहिल्यांदा तोंडावर पाणी घेतलं. मग तोच गेज शेवटच्या फवाऱ्याच्या जागी. लेक मोटरपाशी काटा वाचायला, मी इकडे, दोघं ओरडून आकडे सांगतोय, शेजारचे काका कंपाउंडवरून बघतायत.

मोटरजवळ २.९
पहिला फवारा १.०
शेवटचा फवारा ०.८

पहिल्यापासून शेवटच्या फवाऱ्यापर्यंत फक्त ०.२ गेलं, त्याची तक्रार नाही. पण मोटरपासून पहिल्या फवाऱ्यापर्यंत जवळजवळ २ किलो गायब! अंतर २२ मीटर, एक इंची पाइप. नोझलच्या तक्त्यावरून १ किलोला या सात फवाऱ्यांतून मिनिटाला साधारण ३५-४० लिटर निघत असणार. एवढ्या पाण्याला २२ मीटर एक इंची पाइप फार तर ०.१ किलो खाईल, फिल्टर, एनआरव्ही आणि व्हॉल्व धरून ०.३-०.४ म्हणू. उरलेलं दीड किलो कोण खातंय?

मागचा बॉल व्हॉल्व युनियन (सुटा होणारा जोड) सोडून काढून बघितला. स्वच्छ. आतला बॉल पूर्ण उघडतो. गेट व्हॉल्व असता तर मी त्यालाच दोषी ठरवलं असतं, त्यांचा दांडा आतून सुटतो, चाक गोल गोल फिरतं आणि गेट मात्र जागेवरच, बाहेरून काही कळत नाही. पण आपल्याकडे बॉल व्हॉल्व आहेत.

म्हणजे बूच जमिनीखाली. आणि व्हॉल्वपासून लॉनपर्यंतच्या वाटेवर मधला सगळा भाग पार्किंग, वर पेव्हर ब्लॉक. कुठे खणू?

१७ मार्च, सोमवार

आज संकष्टी. रात्री जेवताना मी रडगाणं गात होतो की बावीस मीटर ब्लॉक कसे उचकटायचे, तर आई सहज म्हणाली, "ब्लॉक काढाल तेव्हा माझ्या दूर्वा नीट काढून ठेवा."

कुठल्या दूर्वा?

तर गाडीच्या मागच्या चाकाशी दोन-तीन ब्लॉकच्या फटींत दूर्वा येतात, बारा महिने, आई दर चतुर्थीला तिथल्याच खुडते, आजही तिथल्याच गणपतीला वाहिल्या. अख्खं लॉन सुकतंय आणि पार्किंगमध्ये भर मार्चमध्ये हिरव्यागार दूर्वा, पाणी कोण घालतंय त्यांना? टॉर्च घेऊन गेलो. तीन ब्लॉक किंचित खचलेत, फटीत शेवाळ, बोट घातलं तर वाळू ओली.

मी दोन गेज, एक लेक आणि तीन रविवार खर्च केले, आईला वर्षानुवर्षं माहीत होतं. मोठी गळती नाही हे काट्यावरून बरोबर होतं, पण छोटी आहे, आणि जिथे गळतंय तिथे जॉइंट असणार, आणि सरळ बावीस मीटर लाइनीत मध्येच जॉइंट का असावा?

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. मित्राबरोबर जुन्या नाशकात रहाडीवर जाऊन आलो, पेशवेकाळापासूनचे ते हौद, रंगाच्या पाण्यात उडी मारायची. कान अजून पिवळे आहेत. काम काही नाही, फक्त येताना सामान आणलं: एक इंची पाइप १० फूट, दोन कपलर, ४५ अंशाचे चार बेंड, सोल्युशनची छोटी डबी, नवीन करवतीचं पातं. ७१० रुपये.

२३ मार्च, रविवार

सकाळी सातला सुरुवात. पहिला ब्लॉक काढणं सगळ्यात अवघड, कडेला घट्ट बसलेला असतो, दोन स्क्रूड्रायव्हर घालून उचलला, पुढचे मग हातानेच निघतात. काढताना खडूने आकडे घातले, म्हणजे परत त्याच जागी बसतील. माळीमामा मदतीला होते, दूर्वा त्यांनी मुळासकट कुंडीत लावल्या.

वाळू काढली, खाली अर्धा फूट माती, आणि मग दिसलं. आपला एक इंची पांढरा पाइप येतो, एका रेड्युसरमध्ये (जाड पाइपाला बारीक पाइप जोडतात त्यात) घुसतो आणि पुढे अर्धा इंची पिवळट सीपीव्हीसी, घरातल्या गरम पाण्याच्या लाइनीला वापरतात तो पाइप. हो, अर्धा इंची. तो ड्रेनेजच्या चेंबरला वळसा घालतो, चार काटकोनी एल्बो, एकूण १३ फूट, आणि पलीकडे परत रेड्युसर लावून एक इंचीत शिरतो. दुसऱ्या एल्बोच्या जॉइंटमधून बारीक धार.

२०१९ साली दिवाळीच्या आधी पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते, चेंबरही तेव्हाच नवीन केलं. त्या कामात पाइप फुटला असणार आणि हाताशी बाथरूमच्या कामातला उरलेला तुकडा असेल तो लावून वर ब्लॉक टाकून मोकळे. कोणी काही बोललं नाही. मीही तेव्हा फक्त ब्लॉकचा रंग बघत होतो. सहा वर्षं आम्ही लॉनला, मातीला, मोटरला आणि माळीमामांना दोष देतोय.

कापलेला तुकडा धुऊन आत मोजला. अर्धा इंची सीपीव्हीसीचं आतलं भोक जेमतेम साडेबारा मिमी, आपल्या एक इंचीचं साडेसव्वीस. व्यास अर्ध्याहून कमी म्हटल्यावर वाटतं प्रेशरही अर्धं होत असेल, तसं नाही, तेवढंच पाणी तेवढ्याच लांबीत ढकलायला घर्षण चाळीसेक पट लागतं, कारण व्यास कमी झाला की ते त्याच्या जवळजवळ पाचव्या घातात वाढतं. वर चार काटकोन, त्यात पाणी इतक्या वेगाने जातं की प्रत्येक वळणावर धक्का खातं. पाइप आणि एल्बो मिळून कागदावर मांडलं तर दीड किलोच्या आसपास येतंय. गायब झालेलं दीड किलो ते हेच!

नवीन जोडणी सरळ केली, चेंबरच्या बाजूने ४५ चे बेंड टाकून तिरकी, काटकोन एकही नाही. पाइप कापला, कडेचा बुरा पॉलिश पेपरने काढला, कोरडा पुसला, सोल्युशन दोन्हीकडे लावून घुसवताना पाव फेरा फिरवला आणि अर्धा मिनिट दाबून धरला. शेवटचा जॉइंट करताना खड्ड्यात पाणी झिरपत होतं, लाइनीत उरलेलं, ते कपड्याने अडवून ठेवायला मामा आडवे झाले होते. आज पाणी सोडायचं नाही. खड्डा उघडाच ठेवला, भोवती दोन खुर्च्या, रात्री कुणी पडायला नको.

२४ मार्च, सोमवार

ऑफिसला जायच्या आधी पाणी सोडलं. जॉइंट कोरडे ठणठणीत. आणि फवारे? दोन चालू, पाच बंद!!

चूक माझीच. खणताना लाइनीत माती गेली होती आणि मी फ्लश न करता थेट फवाऱ्यांतून पाणी सोडलं. करायचं असतं उलटं, आधी शेवटचा फवारा काढायचा, तोंड उघडं ठेवून दोन-तीन मिनिटं नुसतं पाणी जाऊ द्यायचं, स्वच्छ आलं की मग फवारा लावायचा. आता पाचही नोझल काढून त्यांच्या खालच्या इवल्याशा जाळ्या धुवाव्या लागल्या. ऑफिसला पाऊण तास उशीर, कारण विचारलं तर काय सांगणार.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली आणि मग गेज.

मोटरजवळ २.१
पहिला फवारा १.७
शेवटचा १.४

म्हणजे आता मधल्या वाटेत ०.४ जातंय, ते फिल्टर-व्हॉल्वसकट बरोबर आहे. पहिल्या फवाऱ्यांची फेक साडेतेरा फूट, शेवटच्यांची बारा. वाट मोकळी झाल्यावर आता मोटरची खरी मर्यादा दिसायला लागली.

पाणी सगळीकडे सारखं पडतंय का ते बघायला एकसारखे डबे लागतात, आणि आज घरात श्रीखंडाचे अर्ध्या किलोचे डबे पाहिजे तेवढे, आमचे चार आणि शेजारून आणलेले पाच. नऊ डबे मागच्या लॉनवर मांडले, १० मिनिटं पाणी, मग पट्टी घालून मोजलं. बहुतेकांत ५ ते ६ मिमी. पारिजातकाजवळच्या कोपऱ्यात ३. तिथला फवारा मातीत दबून तिरका झालाय, पाणी अर्धं गवतावर आपटतं आणि अर्धं झाडावर. उकरून सरळ केला, खाली विटेचे तुकडे. परत मोजलं, ४.

ब्लॉक परत बसवले, खाली वाळू दाबून. एक ब्लॉक जास्त उरला. कसा ते कळलं नाही.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

मागच्या लाइनीच्या मागणीचा हिशोब आधीच करायला हवा होता तो आज केला. आमच्याकडची १५ फुटी नोझलं, २.१ किलोला पूर्ण गोल मिनिटाला १४ लिटर, अर्धगोल ७, कोपऱ्याचं पाव गोल साडेतीन. मागे २ पूर्ण, ३ अर्धी, २ पाव, एकूण ५६ लिटर. पुढे २-२-२, एकूण ४९. आणि आपली मोटर ४९ आरामात देते, ५६ ला दमते.

दुकानदार म्हणाला सगळी रोटरी नोझल टाका, बारीक फिरत्या धारांची, पाणी तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात भागतं. बरोबर आहे त्याचं, पण मग सातही बदलावी लागतील, साधी आणि रोटरी एका लाइनीत मिसळली तर एकीकडे चिखल एकीकडे कोरडं, शिवाय मोटर तिप्पट-चौपट वेळ चालवायची. सातांचे साडेचार हजार. राहू दे.

त्याऐवजी कंपाउंडलगतची पट्टी बघितली. तिथे लॉन फक्त १० फूट रुंद आणि दोन अर्धगोल नोझलं १५ फुटी, म्हणजे उरलेलं पाणी भिंतीवर, भिंतीला पोपडे आलेत ते त्यामुळेच. दोन्ही काढून १० फुटी अर्धगोल लावली, त्यांना मिनिटाला ३ लिटरच लागतं. दोन नोझल, २४० रुपये. मागणी ५६ वरून ४८.

मोटरजवळ २.३, पहिला २.०, शेवटचा १.८. पारिजातकाच्या कोपऱ्यात आता ५ मिमी.

शेजारच्या काकांनी दोन एचपीचं काय झालं असं विचारलं. त्यांना सीपीव्हीसीचा तुकडा दाखवला, तो मी जपून ठेवलाय. हातात घेऊन त्यातून आरपार बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडेही ब्लॉक त्याच माणसाने बसवलेत."

१३ एप्रिल, रविवार

एकूण खर्च गेज, टी, पाइप, नोझल, मामांची मजुरी मिळून २,३५० रुपये. गेजच्या काचेवर लेकीच्या नेलपॉलिशने २.३ ला एक आणि २.६ ला एक रेघ मारली. बाबांना सांगितलंय की लाइन चालू असताना काटा वरच्या रेघेला टेकला की फिल्टर उघडायचा, मला फोन करायचा नाही. बाबा आता रोज सकाळी काटा वाचून कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या हिशोबाच्या खाली.

पिवळी चकंदळं भरायला लागलीत. कुंडीतल्या दूर्वा मात्र मान टाकून आहेत, आईचं म्हणणं त्यांना तीच जागा हवी होती.